शहराचं नाव बदललं, मग वेबसाइटवरचा पत्ता जुनाच का?

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव करायला केंद्र सरकारने मंजुरी दिली. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. दुकानांच्या पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली, बिलबुकं नवी छापली गेली. पण या शहरांतल्या छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट उघडून बघा. कित्येक ठिकाणी वर मोठ्या अक्षरात नवं नाव दिसेल, पान खाली सरकवलं की तळाशी जुनं, आणि 'संपर्क' पानावर तिसरंच काहीतरी.

यात आळसाचा भाग आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. पत्ता, फोन नंबर, दुकानाची वेळ हे सगळं त्या साइटवर प्रत्येक जागी वेगवेगळं टाइप केलेलं असतं. आठ ठिकाणी टाइप केलं असेल तर आठ ठिकाणी बदलावं लागतं, आणि आठवी जागा नेहमी विसरली जाते.

यावर उपाय आहे, आणि तो आता जवळपास सगळ्या मोठ्या वेबसाइट बिल्डरमध्ये आलाय. व्यवसायाचे तपशील एकाच जागी साठवायचे आणि साइटवरचे मजकूर, बटणं, नकाशे त्या साठ्याला जोडायचे. वाचायला सोपं वाटतं. पण ही जोडणी कुठपर्यंत पोचते आणि मूळ प्रत कोणाच्या हातात राहते, हे न समजता ती वापरली तर फटका बसू शकतो. दुकान बाबांचं किंवा मावशीचं असलं तरी 'साइटचं काय ते तू बघ' असं घरात ज्याला सांगितलं जातं, तो बहुतेक तुम्हीच असता. म्हणून हे नीट समजून घेऊया.

ही जोडणी म्हणजे नेमकं काय?

तुमच्या फोनमधलं उदाहरण घ्या. 'आई' या नावाने तुम्ही नंबर एकदा सेव्ह करता. मग तिचा कॉल आला, मेसेज आला, व्हॉट्सॲप उघडलं, तरी सगळीकडे 'आई' दिसतं. उद्या कॉन्टॅक्टमध्ये जाऊन नाव 'आई घर' केलं की सगळीकडे 'आई घर' दिसायला लागतं. या ॲपमध्ये नाव लिहिलेलंच नसतं. दाखवायची वेळ आली की ती कॉन्टॅक्ट लिस्टला विचारतात, 'या नंबरचं नाव काय?'

वेबसाइट बिल्डरमध्ये हेच होतं. डॅशबोर्डवर एका जागी दुकानाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, लोगो आणि वेळ भरायची. मग पानावरच्या मजकुराच्या चौकटीत थेट '९८...' असं टाइप न करता तिला सांगायचं, 'इथे साठवलेला फोन नंबर दाखव.' पान उघडलं की बिल्डर साठ्यातून ताजा नंबर घेऊन तिथे ठेवतो. चौकटीत नंबर नसतो, नंबर कुठून आणायचा याची खूण असते.

कुठल्या बिल्डरमध्ये काय मिळतं?

विक्समध्ये याला 'बिझनेस इन्फो' म्हणतात. ड्यूडामध्ये तपशील 'कंटेंट लायब्ररी'त भरतात आणि पानावरचे घटक 'कनेक्टेड डेटा'तून जोडतात. वर्डप्रेसवर एलिमेंटर प्रो वापरत असाल तर तिथे 'डायनॅमिक टॅग' आहेत.

साध्या वर्डप्रेसमध्ये साइटचं नाव आणि लोगो पूर्वीपासूनच एका जागी साठवले जातात. ऑगस्ट २०२३ च्या ६.३ आवृत्तीत 'सिंक्ड पॅटर्न' हे नाव आलं. आधी यालाच रियूजेबल ब्लॉक म्हणायचे. पत्त्याचा एक तुकडा करायचा, दहा पानांवर टाकायचा, आणि तुकडा बदलला की दहाही पानं बदलतात. एप्रिल २०२४ च्या ६.५ मध्ये ब्लॉक थेट साठवलेल्या फील्डला जोडण्याचा पाया घातला गेला आणि नोव्हेंबर २०२४ च्या ६.७ मध्ये ते काम एडिटरमधूनच करायची सोय आली. फील्ड तयार करायला मात्र थोडं कोड किंवा एखादं प्लगइन लागतं. चार पानांची साधी साइट असेल तर सिंक्ड पॅटर्न पुरेसा आहे, उगाच जास्त खोलात शिरू नका.

एक गैरसमज इथेच दूर करू. डॅशबोर्डमध्ये तपशील भरले म्हणजे साइट आपोआप जोडली जाते असं नाही. टेम्प्लेटमध्ये आधीपासून असलेला मजकूर बऱ्याचदा साधा, टाइप केलेला असतो. तो निवडून मुद्दाम जोडावा लागतो.

दिसतो एक नंबर, लागतो दुसराच

सगळ्यात जास्त घोळ फोनच्या बटणात होतो. 'कॉल करा' या बटणाला दोन भाग असतात. एक डोळ्यांना दिसणारा मजकूर, दुसरा बटण दाबल्यावर चालणारी लिंक. बरेच जण मजकूर साठ्याला जोडतात आणि लिंक तशीच सोडतात. मग नंबर बदलल्यावर स्क्रीनवर नवा नंबर दिसतो, पण बोट टेकवलं की कॉल जुन्या नंबरवर जातो. मालकाला हे कळतच नाही, कारण आपल्याच दुकानाला साइटवरून कोण कॉल करून बघतो?

आणि तो जुना नंबर कायम बंदच राहील असंही नाही. बंद झालेले मोबाईल नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात. म्हणजे तुमच्या ऑर्डर एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकतात. तो रोज 'राँग नंबर' म्हणून वैतागणार आणि ग्राहक तुमच्या दुकानाला नावं ठेवणार.

व्हॉट्सॲपच्या बटणाचंही तसंच. त्याच्या लिंकमध्ये नंबर देशाच्या कोडसकट लागतो, म्हणजे आधी ९१ आणि मग दहा अंक. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मोकळी जागा, डॅश काहीही चालत नाही. पण तुम्ही साठ्यात नंबर वाचायला सोपा जावा म्हणून मध्ये जागा सोडून लिहिलेला असतो. बिल्डर तो स्वतः साफ करत नसेल तर लिंक चुकते. अशा वेळी व्हॉट्सॲपचा नंबर वेगळ्या फील्डमध्ये ठेवणं बरं.

मराठी साइटसाठी आणखी एक गोष्ट. पानावर नंबर देवनागरी अंकांत छान दिसतो, पण लिंकमध्ये अंक इंग्रजीच हवेत. म्हणून साठ्यातला नंबर इंग्रजी अंकांत ठेवा. देवनागरी हवाच असेल तर फक्त दाखवण्यापुरतं दुसरं फील्ड करा.

आता चित्रांकडे येऊ. आपल्याकडे फ्लेक्सची सवय मोठी. साइटचा पहिला बॅनरही तसाच बनतो. दुकानाचा फोटो, त्यावर नाव, पत्ता, दोन मोबाईल नंबर आणि 'आमची कोठेही शाखा नाही'. हे सगळं एका फोटोत भाजलेलं असतं. फोटोतल्या अक्षरांना कुठलाही साठा जोडता येत नाही. फोटोतला नंबर दाबून कॉल लागत नाही आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या ग्राहकाचा स्क्रीन रीडर तो वाचेलच असं नाही. बॅनरवर फोटो ठेवा, अक्षरं वरून वेगळ्या मजकुराच्या चौकटीत टाका.

पानावर न दिसणारी प्रत

ग्राहकाला दिसतं त्याखेरीज तुमच्या पत्त्याची एक प्रत पानाच्या कोडमध्येही असू शकते. 'हे दुकान आहे, हा त्याचा पत्ता, हा फोन, ही उघडण्याची वेळ' असं सर्च इंजिनला कळेल अशा ठरलेल्या पद्धतीने ती लिहिलेली असते. ही पद्धत २०११ मध्ये गुगल, बिंग आणि याहू यांनी मिळून सुरू केली. तिला स्कीमा डॉट ऑर्ग म्हणतात.

ही प्रत साठ्याला जोडलेली असेल तर पत्ता बदलताच तीही बदलते. पण साइट बनवणाऱ्याने ती हाताने चिकटवली असेल, तर पानावर अहिल्यानगर आणि आत अहमदनगर असा प्रकार राहतो. आता लोक सर्चबरोबर एआय चॅटबॉटलाही विचारतात, 'जवळचं मोटार गॅरेज सांग.' त्याच्यासमोर एकाच दुकानाचे दोन पत्ते आले तर तो चुकीचा उचलू शकतो.

नाव बदललेल्या शहरांबाबत इथे एक व्यावहारिक अडचण आहे. लोक जुन्या नावानेही शोधतात. त्यासाठी जुना पत्ता कुठेतरी ठेवून देऊ नका. पत्त्याच्या फील्डमध्ये नवं नाव ठेवा, आणि 'आमच्याविषयी' पानावर 'पूर्वीचं अहमदनगर' असा उल्लेख एका वाक्यात करा. दोन्ही कामं होतात.

गुगलने दिलेला धडा

आता सगळ्यात महत्त्वाचं. तपशील एकदा भरायचे आणि साइट आपोआप तयार, ही कल्पना भारतात सगळ्यात सोप्या रूपात गुगलनेच आणली होती. जानेवारी २०१७ मध्ये सुंदर पिचाई यांनी दिल्लीत छोट्या व्यवसायांसाठी मोफत वेबसाइटची घोषणा केली आणि त्याच वर्षी ती सुविधा सुरू झाली. तुम्ही गुगलवर दुकानाची नोंद केली की त्याच माहितीतून एका पानाची साइट उभी राहायची. नोंदीत वेळ बदलली की साइटवर वेळ बदलायची. वेगळं काही करायचं नाही, पैसे नाहीत, आणि शेवटी 'बिझनेस डॉट साइट' असलेला पत्ता मिळायचा. जोडणी म्हणून बघितलं तर याहून सोपं काही नव्हतं.

मार्च २०२४ मध्ये गुगलने या सगळ्या साइट बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत त्या पत्त्यावर येणाऱ्या ग्राहकाला गुगलवरच्या नोंदीकडे वळवलं जात होतं. त्यानंतर तो पत्ता उघडणंच बंद झालं. ज्यांनी तो व्हिजिटिंग कार्डवर, मिठाईच्या खोक्यावर किंवा रिक्षाच्या पाठीवर छापला होता, त्यांच्यासाठी ते सगळं एका दिवसात निरुपयोगी झालं.

यात गुगलने कायद्याबाहेर काही केलं असं नाही. सेवा मोफत होती, ती बंद करण्याचा हक्क त्यांच्याकडे होता, आणि सूचनाही दिली होती. मुद्दा वेगळा आहे. तपशील त्यांच्याकडे, पानाची रचना त्यांची आणि पत्ताही त्यांचाच. दुकानदाराच्या मालकीचं काय होतं? फक्त भरलेली माहिती.

जोडणीचं कुठलंही साधन निवडताना हाच प्रश्न विचारायचा. उद्या हे दुकान उठलं तर माझ्या हातात काय उरतं? बिल्डर बदलता येतो, पानं पुन्हा बनवता येतात. पण डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्या नावावर असेल तर ग्राहकाला काही कळतही नाही. पत्ता तोच, मागची खोली फक्त बदललेली. म्हणून साइटवर खर्च करायला फार पैसे नसतील, तर आहेत ते आधी स्वतःच्या डोमेनवर घाला, डिझाइनचं नंतर बघू.

जोडणी साइटच्या कुंपणापुरतीच

डॅशबोर्डमध्ये नंबर बदलला आणि साइट बदलली म्हणजे काम झालं असं वाटतं. पण गुगल बिझनेस प्रोफाइल, व्हॉट्सॲप बिझनेसचं प्रोफाइल, इन्स्टाग्रामचा बायो, जस्टडायल, इंडियामार्ट या सगळ्यांचे साठे वेगळे आहेत. काही बिल्डर गुगलशी जोडून देतात, पण ती सोय आहे असं गृहीत धरू नका.

गणपतीचं उदाहरण घ्या. दहा दिवस मिठाईचं दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं. तुम्ही साइटवर वेळ बदलली, गुगलवर विसरलात. रात्री साडेनऊला मोदक शोधणाऱ्याला नकाशावर 'बंद आहे' दिसणार, आणि तो तुमच्या साइटवर पोचणारच नाही. गुगलच्या प्रोफाइलमध्ये सणावाराच्या खास वेळा तारखेनुसार आधीच भरून ठेवता येतात, ती सोय जरूर वापरा.

दरांचंही असंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. सलून आणि जिमच्या सेवांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांचं दरपत्रक साठ्याला जोडलेलं होतं त्यांचं काम काही मिनिटांचं. ज्यांचं दरपत्रक फोटोत होतं ते पुन्हा डिझायनरच्या मागे.

एक जागा म्हणजे एकच कुलूप

सगळं एका जागी ठेवण्याचा तोटाही लक्षात घ्यायला हवा. एका अंकाची चूक झाली तर ती एकदम सगळीकडे पसरते. आणि ती एक जागा चोराच्या हाती लागली तर त्याला आठ पानं बदलत बसायची गरज नाही. एक फील्ड बदललं की साइटवरचं प्रत्येक 'कॉल करा' त्याच्या फोनवर वाजेल. पैसे घ्यायचा क्यूआर कोड तिथेच असेल तर धोका आणखी मोठा.

संपर्काचे तपशील बदलून फसवणूक होते, ही काल्पनिक भीती नाही. गुगल मॅप्सवर कोणीही बदल सुचवू शकतो. याचा फायदा घेऊन बँकेच्या नोंदीत भलताच नंबर टाकल्याच्या तक्रारी २०१८ मध्येच महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. खातेदार बँक समजून फोन करायचे आणि कार्डाचे तपशील सांगून बसायचे. बँकेचं असं होऊ शकतं, तर आपल्या दुकानाचं का नाही?

म्हणून बिल्डरच्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. खातं दुकानाच्या ईमेलवर असू द्या, साइट बनवून देणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या नाही. तो उद्या नोकरीसाठी पुण्याला किंवा दुबईला गेला की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. त्याला काम करायचं असेल तर एडिटर म्हणून वेगळा प्रवेश द्या आणि काम संपल्यावर काढून घ्या.

घरातूनच धंदा असेल तर

पापड, मसाले, डबे, केक, शिवणकाम. असे कितीतरी व्यवसाय घरातूनच चालतात आणि त्यातले बरेच महिला चालवतात. अशा वेळी साठ्यातला 'पत्ता' म्हणजे राहतं घर असतं. तो भरला की तळपट्टीत, नकाशात, काही बिल्डरमध्ये ग्राहकाला आपोआप जाणाऱ्या ईमेलमध्येही तो दिसायला लागतो. तुम्ही एका जागी भरता, तो चार जागी उघडा पडतो.

गुगल बिझनेस प्रोफाइलमध्ये घरपोच सेवा देणाऱ्यांना पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. साइटवरही शक्य तिथे तसंच करा, 'कोथरूड आणि परिसर' एवढं पुरे. मात्र साइटवरून थेट विक्री करत असाल तर ग्राहक संरक्षण कायद्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम बघावे लागतील. त्यात ई-कॉमर्स संस्थेने आपलं कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे तपशील साइटवर दाखवावेत असं सांगितलंय. विक्री वाढत असेल तर आपल्याला काय लागू होतं हे सीएला विचारून मगच पत्ता लपवा. घराऐवजी दुसरा व्यवसायाचा पत्ता घेता येतो का, हेही त्यालाच विचारा.

या आठवड्यात एवढं करा

१. आधी एका गुगल शीटमध्ये किंवा साध्या वहीत व्यवसायाचे तपशील लिहा. मराठी नाव, इंग्रजी नाव, पत्ता, पिनकोड, फोन, व्हॉट्सॲप, ईमेल, वेळ, जीएसटी क्रमांक. खाण्याचे पदार्थ असतील तर एफएसएसएआय क्रमांकही. ही तुमची मूळ प्रत. बिल्डरमधला साठा ही तिची नक्कल.

२. त्याच शीटमध्ये हे तपशील कुठेकुठे टाकलेत त्याची यादी करा. साइट, गुगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, छापील कार्ड. पुढच्या वेळी बदल झाला की यादीवर टिक करत जा.

३. साइट दोन भाषांत असेल तर नाव आणि पत्ता प्रत्येक भाषेसाठी वेगळ्या फील्डमध्ये ठेवा. फोन आणि ईमेल दोन्हींसाठी एकच असू द्या.

४. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला. साधारण चार मीटर बाय चार मीटर जागेचा दहा अक्षरी कोड. गल्लीबोळातलं दुकान सापडत नसेल तर तोही एका फील्डमध्ये ठेवा. पिनकोडच्या जागी नाही, जोडीला.

५. शेवटी परीक्षा घ्या. डॅशबोर्डमध्ये दुकानाच्या नंबरऐवजी तात्पुरता स्वतःचा नंबर टाका, साइट पुन्हा प्रकाशित करा, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर इनकॉग्निटोमध्ये ती उघडा. प्रत्येक पानावरचं प्रत्येक कॉलचं आणि व्हॉट्सॲपचं बटण दाबा. जे बटण तुमच्या नंबरवर कॉल किंवा चॅट उघडत नाही, ते जोडायचं राहिलंय. ते जोडा आणि दुकानाचा नंबर परत टाका. हे काम रात्री दुकान बंद झाल्यावर करा, नाहीतर ऑर्डर तुम्हालाच घ्याव्या लागतील.